काळा स्फटिक ओळखायचा कसा? दहा दगडांची शिडी बनवणाऱ्या फ्रीडरिश मोसची गोष्ट

नवा फोन बाजारात आला की काही दिवसांत यूट्यूबवर एक व्हिडिओ हमखास पडतो. एक माणूस कोऱ्या फोनच्या काचेवर टोकदार पेन्सिलींसारख्या सुया ओढत असतो. प्रत्येक सुईवर एक नंबर असतो. तीन नंबरला काही होत नाही, चार-पाचलाही नाही. सहा नंबरला बारीक ओरखडे दिसायला लागतात आणि सातला काच चांगलीच खरवडून निघते. खाली कमेंटमध्ये हळहळ सुरू होते.

पण हे सहा आणि सात आले कुठून? ते ग्रॅम नाहीत, मिलिमीटर नाहीत, कुठल्या मशीनचं रीडिंगही नाही. ती आहेत एका यादीतल्या दगडांची नावं. ही यादी २०० वर्षांपूर्वी एका जर्मन माणसानं बनवली, तेव्हा फोन सोडा, साधा विजेचा दिवाही जगात नव्हता.

त्या माणसाचं नाव फ्रीडरिश मोस. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे बरेच जण त्याला मोह्स म्हणतात. शाळेत भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकात हे नाव एखाद्या चौकटीत येऊन गेलेलं असतं. पण गंमत अशी की मोसला जगानं ज्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावं असं वाटत होतं, ती ही यादी नव्हतीच. त्याला पृथ्वीवरचं प्रत्येक खनिज ओळखायची एक संपूर्ण पद्धत उभी करायची होती. ती पद्धत विस्मरणात गेली आणि तिच्यातलं एक छोटंसं हत्यार मात्र टिकलं.

दुकानातून थेट खाणीत

मोसचा जन्म २९ जानेवारी १७७३ चा. जर्मनीतल्या हार्त्स पर्वताच्या कुशीत गेर्नरोडे नावाचं गाव आहे, तिथला. घर व्यापाऱ्याचं. शिक्षण घरीच झालं आणि नंतर काही वर्षं पोरगा वडिलांच्या धंद्यात बसला. तसंच चालू राहिलं असतं तर आज त्याचं नाव कुणालाही माहीत नसतं.

पण १७९६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यानं हाले विद्यापीठात नाव घातलं. तिथं तो गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकला. दोन वर्षांनी, म्हणजे १७९८ मध्ये, तो फ्रायबेर्गला गेला. खरी कलाटणी मिळाली ती इथं.

फ्रायबेर्ग हे सॅक्सनीतलं चांदीच्या खाणींचं गाव. १७६५ मध्ये इथं खाणकाम शिकवणारी अकादमी सुरू झाली होती आणि तिथं अब्राहम गॉटलोब वर्नर शिकवत होते. खनिजशास्त्रात वर्नर यांचा त्या काळी केवढा दबदबा होता, हे एका गोष्टीवरून कळेल. पुढे जगप्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हेही त्यांचेच विद्यार्थी. वर्नर यांचं म्हणणं असं की खनिज ओळखायचं तर ते आधी नीट बघा. रंग बघा, चमक बघा, हाताला कसं लागतं ते बघा, तोडल्यावर कसं तुटतं ते बघा. १७७४ मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहून दगडाचं वर्णन करायला एक शिस्तबद्ध भाषाच दिली होती.

मोस या गुरूच्या तालमीत तयार झाला. १८०१ मध्ये तो हार्त्समधल्याच नॉयडोर्फच्या खाणीत मुकादम म्हणून कामाला लागला. म्हणजे त्याचं ज्ञान फक्त कपाटातल्या नमुन्यांचं नव्हतं. अंधारात, दिव्याच्या उजेडात, ओल्या भिंतीवर चमकणारं खनिज नेमकं कोणतं, हा तिथला रोजचा प्रश्न होता.

काळं ते सगळं सारखंच?

आता प्रश्न पडेल की दगड ओळखण्यात एवढं अवघड काय आहे?

अवघड आहे ते काळ्या स्फटिकांमुळे. हिरवं, निळं, लाल खनिज असेल तर निदान डोळ्याला काहीतरी धागा मिळतो. पण दगडात काळे, चकचकीत, कडा असलेले स्फटिक दिसले की भल्याभल्यांची पंचाईत होते. काळा रंग असणारी खनिजं कितीतरी आहेत. त्यातली काही मौल्यवान, काही अगदीच बिनकामाची.

सॅक्सनीच्या खाणकामगारांना हा फटका चांगलाच माहीत होता. शिशाच्या खनिजासोबत तिथं आणखी एक गडद, चमकदार खनिज सापडायचं. दिसायला तसंच, पण भट्टीत घातलं तर शिसं काही निघायचं नाही. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं ब्लेंड. जर्मनमध्ये त्या शब्दामागचा अर्थ आहे डोळ्यांना भुलवणं. आज आपण त्याला स्फॅलेराइट म्हणतो आणि ते जस्ताचं मुख्य खनिज आहे.

कथिलाच्या खाणीतही तोच प्रकार. कथिलाचं खनिज कॅसिटेराइट गडद आणि जड असतं. त्याच्या शेजारी दुसरं एक काळं, तितकंच जड खनिज सापडायचं. ते सोबत गेलं की भट्टीतून कथिल कमी निघायचं. लांडगा मेंढ्या खातो तसं हे कथिल खातं, म्हणून त्याच्या नावात लांडगा आला आणि ते झालं वुल्फ्राम. आज त्याला वुल्फ्रामाइट म्हणतात. टंगस्टन धातूची खूण डब्ल्यू अशी आहे, ती याच लांडग्यावरून.

थोडक्यात, दगड चुकीचा ओळखला की इंधन वाया, मजुरी वाया आणि हातात काहीच नाही. नीट ओळखता येणं हा प्रयोगशाळेतला शौक नव्हता, त्यावर लोकांचं पोट अवलंबून होतं.

आणि वर्नर यांच्या पद्धतीतही एक अडचण होती. कठीणपणा सांगायचा तर कठीण, मध्यम कठीण, मऊ असे शब्द वापरले जायचे. पण एकाचं मध्यम हे दुसऱ्याचं कठीण असू शकतं. तिखट खाणाऱ्याला विचारा भाजी किती तिखट आहे आणि मग न खाणाऱ्याला विचारा. उत्तरं वेगळीच येणार.

बँकरच्या कपाटातले दगड

१८०२ मध्ये मोसच्या आयुष्यात एक वेगळंच काम आलं. व्हिएन्नामध्ये याकोब फ्रीडरिश फान डेर न्यूल नावाचा बँकर होता. त्या काळी युरोपात श्रीमंतांना खनिजं गोळा करण्याचा मोठा नाद होता. या बँकरकडेही मोठा संग्रह होता, पण कुठला नमुना नेमका काय आहे हे सांगणारा माणूस हवा होता. मोसला त्यासाठी नेमण्यात आलं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. दगड ओळखायचा खात्रीचा मार्ग रसायनशास्त्राचा. नमुना फोडा, पूड करा, आम्लात टाका, तापवा आणि त्यात काय काय आहे ते शोधा. पण त्या काळी हे विश्लेषण वेळखाऊ होतं आणि त्यात नमुनाच संपायचा. एखाद्याच्या संग्रहातला देखणा स्फटिक असा संपवून चालणार नव्हतं. शिवाय एकेका दगडासाठी एवढा खटाटोप करायचा तर अख्खा संग्रह कधी व्हायचा?

मोसनं हे काम पूर्ण केलं आणि १८०४ मध्ये या संग्रहाची सविस्तर सूची छापून आली. पुढे हा संग्रह ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या खनिज संग्रहात दाखल झाला. आज तो वारसा व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडे आहे.

या काळापासून मोसच्या कामात एक विचार पक्का होत गेलेला दिसतो. वनस्पती ओळखणारा माणूस झाड जाळून राखेत काय आहे ते तपासत नाही. तो पानं बघतो, फुलं बघतो, पाकळ्या मोजतो. स्वीडनच्या लिनियसनं अशाच गुणांवरून वनस्पतींची वंश आणि जाती अशी वर्गवारी करून दाखवली होती. मग खनिजांना हा नियम का लावू नये? दगडाच्या अंगावर जे गुण दिसतात आणि मोजता येतात, त्यावरूनच त्याची ओळख पटली पाहिजे, असं मोस मानू लागला.

ग्राझ, १८१२

ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या आर्चड्यूक योहानला विज्ञान आणि उद्योगाची ओढ होती. त्यानं १८११ मध्ये ग्राझ शहरात योआनेउम ही संस्था स्थापन केली. संग्रहालय आणि शिक्षणसंस्था असं दोन्ही. तिथं खनिजशास्त्र शिकवायला मोस आला. १८१२ मध्ये तो प्राध्यापक झाला आणि त्याच वर्षी ही प्रसिद्ध शिडी जगासमोर आली.

कल्पना ऐकायला इतकी साधी आहे की हे आधी कुणाला सुचलं कसं नाही असं वाटतं. खरं तर एका दगडानं दुसरा खरवडून बघण्याची युक्ती जुनीच होती. मोसच्या आधीच्या अभ्यासकांनीही ती वापरली होती. मोसनं केलं ते एवढंच की कठीण आणि मऊ हे शब्द बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी दहा खरेखुरे दगड ठेवले. कुठेही मिळतील असे, शुद्ध असतील असे आणि प्रत्येक जण आपल्या आधीच्याला खरवडेल असे.

ती शिडी अशी:

१. संगजिरे, म्हणजे टाल्क
२. जिप्सम
३. कॅल्साइट
४. फ्लोराइट
५. अ‍ॅपटाइट
६. फेल्स्पार
७. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी
८. पुष्कराज
९. कुरुंद, ज्याचे रंगीत प्रकार म्हणजे माणिक आणि नीलम
१०. हिरा

यातलं पाचवं नाव बघा. अ‍ॅपटाइट हे नाव वर्नर यांनी दिलेलं. त्याचं मूळ फसवणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, कारण हे खनिज सतत दुसऱ्याच खनिजांसारखं दिसून लोकांना चकवायचं. गुरूनं ज्याला फसवं म्हटलं, त्याला शिष्यानं मोजमापाच्या शिडीची एक पायरी बनवलं.

शिडी चालते कशी?

समजा तुमच्याकडे एक अनोळखी खनिज आहे. त्यानं फ्लोराइटवर ओरखडा पाडला, पण अ‍ॅपटाइटवर नाही पाडला. उलट अ‍ॅपटाइटनंच त्याला खरवडलं. मग त्याची कठिनता चार आणि पाच यांच्या मध्ये. संपला विषय. मुंबईत बसून करा नाहीतर व्हिएन्नात, उत्तर तेच येणार. मोस स्वतः बारीक कानशीही वापरायचा. दोन खनिजं एकाच दाबानं कानशीवर ओढायची आणि कोण किती विरोध करतं, किती भुकटी पडते, आवाज कसा येतो, यावरून तुलना करायची.

घरात दहा दगड नसले तरी अंदाज घेता येतो. आपल्या नखाची कठिनता साधारण अडीच. म्हणजे संगजिरे आणि जिप्सम नखानं खरवडतं. तांब्याचं नाणं साधारण तीनच्या जरा वर. चाकूचं पोलादी पातं आणि खिडकीची काच साधारण साडेपाच. गारगोटी काचेवर सहज ओरखडा पाडते.

आता फोनचं कोडंही सुटेल. खिशात किल्ली आणि फोन एकत्र ठेवला तर किल्लीमुळे सहसा काचेला काही होत नाही, कारण किल्लीचा धातू काचेपेक्षा मऊ असतो. पण समुद्रावर फिरून आलात आणि खिशात वाळूचे चार कण राहिले, तर फोनवर रेघोट्या उमटतात. कारण वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटीचा नंबर सातवा.

या शिडीची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. तिच्या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. हे क्रमांक म्हणजे फक्त रांगेतली जागा. शर्यतीत पहिला आणि दुसरा यांच्यात एका सेकंदाचं अंतर असेल आणि दुसरा-तिसऱ्यात एका मिनिटाचं, तरी निकालात नंबर १, २, ३ असेच लागतात ना? इथंही तसंच. कुरुंद नववा आणि हिरा दहावा असला तरी अचूक मोजमापात हिरा कुरुंदाच्या सुमारे चौपट कठीण भरतो. म्हणूनच कारखान्यात धातू तपासायला आज विकर्स किंवा नूप यांच्या नावाच्या चाचण्या वापरतात. पण त्यांना यंत्र लागतं. डोंगरावर उभं राहून दगड हातात घेतलेल्या माणसाला अजूनही मोसच लागतो.

मग काळ्या स्फटिकाचं काय?

मोसनं कधीच असं म्हटलं नाही की फक्त कठिनतेवरून सगळं कळेल. त्याचा भर तीन गोष्टींवर होता: स्फटिकाचा आकार, कठिनता आणि विशिष्ट गुरुत्व. विशिष्ट गुरुत्व म्हणजे ते खनिज तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे. एकेका गुणानं संशयितांची यादी छोटी होत जाते आणि शेवटी एकच नाव उरतं.

समजा ग्रॅनाइटच्या तुकड्यात काळे चकचकीत स्फटिक दिसतायत. आधी सुईचं टोक लावून बघा. पापुद्र्यांसारखे पातळ थर सुटत असतील तर तो काळा अभ्रक, म्हणजे बायोटाइट. त्याची कठिनता जेमतेम अडीच ते तीन.

पोलादी पात्यानं ओरखडाच पडत नसेल, उलट तो स्फटिकच काचेला खरवडत असेल, लांबट असेल, अंगावर उभ्या रेघा असतील आणि आडवा छेद गोलसर त्रिकोणी दिसत असेल, तर तो काळा टूर्मलीन असण्याची शक्यता दाट. कठिनता सात ते साडेसात.

कठिनता पाच-सहाच्या आसपास असेल तर खरी परीक्षा सुरू होते. इथं दोन जुळे भाऊ उभे असतात, हॉर्नब्लेंड आणि ऑजाइट. दोन्ही काळपट, दोन्हींची कठिनता जवळपास सारखी, वजनातही फार फरक नाही. मग बघायचं ते पाटन. पाटन म्हणजे खनिजाची ठरावीक पातळीत फुटण्याची सवय, लाकूड जसं रेषेवर सहज फाटतं तशी. ऑजाइट फुटलं की त्याच्या दोन पातळ्या एकमेकींना जवळपास काटकोनात असतात, सुमारे ८७ आणि ९३ अंश. हॉर्नब्लेंडमध्ये त्या तिरक्या असतात, सुमारे ५६ आणि १२४ अंश. एका भिंगात हा फरक दिसतो.

चुंबक चिकटला तर मॅग्नेटाइट. आणि चिकटला नाही, पण बिनचकाकीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घासल्यावर लालसर तपकिरी रेघ उमटली, तर हेमॅटाइट. या रेघेच्या रंगाला कस म्हणतात. सराफ कसोटीच्या दगडावर सोनं घासून बघतो, त्याच जातीची ही परीक्षा. दगड बाहेरून काळा असला तरी त्याची पूड खरा रंग सांगून टाकते. काळं स्फॅलेराइट घासलं तर रेघ फिकट पिवळसर तपकिरी येते. खाणकामगारांना भुलवणाऱ्या त्या ब्लेंडचं बिंग असं फुटतं.

आणि हातात घेतल्यावर छोटासा काळा तुकडा अनपेक्षित जड लागला, तर कॅसिटेराइट किंवा वुल्फ्रामाइटचा संशय घ्यायचा. दोन्ही पाण्याच्या सुमारे सातपट जड. पण कॅसिटेराइटची कठिनता सहा ते सात आणि वुल्फ्रामाइटची चार ते साडेचार. म्हणजे पोलादी पातं लावलं की लांडगा लगेच ओळखू येतो.

गुरूच्या खुर्चीत

१८१७ मध्ये वर्नर गेले. १८१८ मध्ये फ्रायबेर्गच्या त्याच अकादमीत त्यांची जागा मोसला मिळाली. वीस वर्षांपूर्वी ज्या वर्गात तो विद्यार्थी म्हणून बसला होता, तिथं आता तो प्राध्यापक होता. ग्राझमधला त्याचा तरुण विद्यार्थी विल्हेल्म हाइडिंगर त्याच्यामागे फ्रायबेर्गला आला.

१८२२ आणि १८२४ मध्ये मोसचं मोठं पुस्तक दोन भागांत आलं. १८२५ मध्ये हाइडिंगरनं त्याचं इंग्रजी रूप एडिंबरामध्ये प्रसिद्ध केलं. आता मोसची पद्धत जर्मन भाषेच्या बाहेर पोहोचली.

याच काळात एक वादही झाला. स्फटिकांच्या आकारांची काही मोजक्या गटांत विभागणी करता येते, हे मोसनं मांडलं. पण बर्लिनच्या ख्रिस्तियान सामुएल व्हाइसनं त्याच्या आधी अशीच विभागणी प्रसिद्ध केली होती. कल्पना कुणाची पहिली, यावरून दोघांत चांगलीच जुंपली. आज इतिहासकार दोघांनाही श्रेय देतात. व्हाइस आधीचा, पण ज्या स्फटिकांचे अक्ष एकमेकांना तिरके असतात त्यांचे स्वतंत्र गट मोसनं स्पष्ट केले. भूशास्त्राचे विद्यार्थी आजही स्फटिकांचे हे गट पाठ करतात.

सगळ्यात मोठं स्वप्न आणि त्याचं काय झालं

मोसचं खरं स्वप्न मात्र वेगळं होतं. त्याला प्रत्येक खनिजाला वनस्पतीसारखं वंश आणि जाती सांगणारं नाव द्यायचं होतं. त्यानं ती दिलीही. पण ती नावं वाचूनच दम लागायचा. कॅल्साइट झालं रॉम्बोहेड्रल कॅल्क-हॅलॉइड. मॅग्नेटाइट झालं ऑक्टाहेड्रल लोहखनिज. मघाचे दोन जुळे भाऊ झाले पॅराटोमस ऑजाइट-स्पार आणि हेमिप्रिझमॅटिक ऑजाइट-स्पार. खाणीतल्या माणसानं हे म्हणायचं कधी आणि काम करायचं कधी?

अडचण फक्त नावांची नव्हती. मोसच्या वर्गीकरणात वायू आणि पाणीही होतं, पण खनिज कशाचं बनलंय हा प्रश्न त्यानं बाहेर ठेवला होता. ते काम रसायनशास्त्राचं, खनिजशास्त्राचं नाही, अशी त्याची भूमिका होती. दुसरीकडे स्वीडनचा बर्झेलियस नेमकं उलटं सांगत होता. त्याच्या मते खनिज म्हणजे रासायनिक संयुग आणि त्याची वर्गवारी घटकांवरूनच झाली पाहिजे.

या सामन्यात रसायनशास्त्र जिंकलं. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अमेरिकेत मिळतो. जेम्स ड्वाइट डाना यांनी १८३७ मध्ये खनिजशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी मोसच्याच वाटेनं जाणारी वर्गवारी वापरली होती. पण १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती सोडून दिली आणि रसायनशास्त्राचा आधार घेतला. जगभरचे अभ्यासक हळूहळू तिकडेच वळले. लांबलचक नावं पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये राहून गेली.

पण याचा अर्थ मोस चुकला असा सरसकट काढता येत नाही. तो दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर द्यायला गेला. हे खनिज कशाचं बनलंय, हा एक प्रश्न. माझ्या हातात आत्ता जे आहे ते कोणतं खनिज, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रसायनशास्त्राकडे होतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र आजही बऱ्याचदा मोसच्याच वाटेनं मिळतं: बघा, घासा, तोला, खरवडा.

शेवटचा प्रवास

१८२६ मध्ये मोस व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून परतला. ज्या शहरात चोवीस वर्षांपूर्वी तो एका बँकरचे दगड लावायला आला होता, तिथंच आता राजघराण्याच्या खनिज संग्रहाशी त्याचा संबंध आला. १८३५ मध्ये तो सरकारच्या खाण आणि टांकसाळ खात्यात मोठ्या पदावर गेला.

वय साठीच्या पुढे गेलं तरी दगड बघायला भटकणं थांबलं नव्हतं. १८३९ मध्ये तो इटलीच्या प्रवासाला निघाला. आल्प्सच्या दक्षिणेला आगोर्दो नावाचं खाणींचं गाव आहे. तिथं २९ सप्टेंबर १८३९ रोजी त्याचा मृत्यू झाला. वय ६६. जन्म डोंगरात झाला होता, शेवटही डोंगरातच झाला.

हाइडिंगरनं गुरूचं काम वेगळ्या पद्धतीनं पुढे नेलं. १८४९ मध्ये ऑस्ट्रियात भूशास्त्रीय सर्वेक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली, तेव्हा तिचा पहिला प्रमुख तोच होता.

त्याच्या नावाचा काळा स्फटिक

मोस हयात असतानाच, १८२७ मध्ये, एका काळ्या स्फटिकाला त्याच्या सन्मानार्थ मोसाइट असं नाव देण्यात आलं होतं. नवं खनिज सापडलंय असं वाटलं होतं. पण पुढे तपासणीत ते नवं निघालं नाही. ते होतं इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं काळं खनिज. नियमाप्रमाणे वेगळं नाव रद्द झालं. म्हणजे आयुष्यभर काळे स्फटिक वेगळे करून ओळखायला शिकवणाऱ्या माणसाच्या नावाचा स्फटिकच ओळखण्यात गडबड झाली होती.

आणि हे इल्मेनाइट आपल्याला काही परकं नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूत काळ्या रंगाचे पट्टे दिसतात. त्या काळ्या कणांमध्ये इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही असतं. पुढच्या वेळी कोकणात गेलात की एक छोटं चुंबक कागदात गुंडाळून सोबत ठेवा आणि कोरड्या काळ्या वाळूवरून फिरवा. जे कण टुणकन उडी मारून चिकटतील ते बहुतेक मॅग्नेटाइटचे. जे काळे कण आळसानं खालीच पडून राहतील, त्यात इल्मेनाइट असेल.

फक्त ती वाळू फोनच्या खिशात टाकू नका. सात नंबरचे कण त्यातही असतात.